टपावर राहिलेले दोन डबे

बिनदुधाच्या करंजीची गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली. लग्नांत सांगितली, दवाखान्याच्या बाकावर सांगितली, एकदा तर शाळेच्या गॅदरिंगमध्ये माइकवरून सांगितली. दर वेळी त्यातले दोन डबे वगळले. या अंकाच्या संपादकांनी तीन दिवाळ्या ही गोष्ट मागितली आणि तिन्ही वेळा मी प्रकृतीचं कारण पुढं केलं. प्रकृती ठणठणीत होती. पण लिहायला बसलो की हात त्या दोन डब्यांपाशी अडायचा.

म्हणून आधी तेच सांगून टाकतो. रैनू मास्तरच्या लग्नाला करंज्यांचे दहा डबे जायचे होते, आठ पोचले. दोन एसटीच्या टपावर राहिले. ते चिन्नीबाई नावाची बाई विसरली, असं भामरागडच्या वाटेवरच्या त्या गावात अजूनही सांगतात. मीही तसंच सांगत आलो. ते खरं नाही. खरं काय ते आता लिहितो.

मी मूळचा चंद्रपूरचा. सतरा वर्षं एका मिठाईच्या दुकानात मागच्या भट्टीवर काढली. मागच्या, हे मुद्दाम लिहितो. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. दुकानाचा मालक तसा माणूस म्हणून वाईट नव्हता, वेळेवर पगार द्यायचा, पण पुढं गल्ल्याजवळ त्यानं मला कधी उभं केलं नाही. म्हणायचा, "यशवंता, तू मागंच बरा. गिऱ्हाईक विचारते ना बाबा, कोणाच्या हातचं आहे म्हणून." माझ्या हातची करंजी गावभर खाल्ली जायची आणि ती माझ्या हातची आहे हे कोणाला ठाऊक नसायचं.

गडचिरोलीचा जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या आल्या, बदलून आलेले साहेब आले, त्यांची बिऱ्हाडं आली. मी म्हटलं, आता निघायचं. बायकोला, सुशीलेला घेऊन गडचिरोलीत दोन खोल्या घेतल्या, अंगणात मोठी चूल मांडली आणि दारावर पाटी लावली: 'यशवंत, घरगुती फराळ'. पाटीवर स्वतःचं नाव वाचायला मी पहिले आठ दिवस उगीच रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहायचो.

ज्यांनी कधी करंजी केली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. करंजीत तीन गोष्टी. एक पारी, म्हणजे वरचं कवच. पिठात कडकडीत तूप घालतात, त्याला मोहन म्हणतात. त्यानं पारी खुसखुशीत होते. दुसरा साटा. घट्ट तूप आणि तांदळाची पिठी हातानं फेसून फेसून लोण्यासारखी करायची, ती लाटलेल्या पोळ्यांच्या मध्ये लावायची, गुंडाळी करून कापायची आणि मग पुन्हा लाटायची. तळताना जे पदर सुटतात ते या साट्यामुळं. तिसरं सारण, आतलं. आमच्या दुकानात सारण खव्याचं. म्हणजे तिन्हीकडं दूध नाहीतर तूप. मी सतरा वर्षं हेच केलं होतं आणि करंजी दुसऱ्या कशाची होते हे कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक साहेबीणबाई करंज्या परत पाठवायच्या, मुरड त्यांच्या आईसारखी पडत नाही म्हणून. शेवटी त्यांच्या आईच आल्या, माझी मुरड पाहिली आणि म्हणाल्या, "हिला काय कळतंय, ही कधी चुलीपाशी बसली?" तेव्हापासून तक्रार बंद. सरकारी दवाखान्यातले एक कंपाउंडर यायचे. त्यांना दूध सोसत नसे, पण खव्याची करंजी सोडवत नसे. खायचे आणि दुसऱ्या दिवशी मला शिव्या द्यायला यायचे, पोट धरून.

रैनू मास्तर आला तो एप्रिलमधल्या बुधवारी. त्याच्या माडिया आदिवासी गावातला पहिला मॅट्रिक झालेला, पहिला सरकारी नोकर. लग्न ठरलं होतं. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "भाऊ, दहा डबे करंज्या पाह्यजेत. पण दूध नाई, तूप नाई, खवा नाई."

मी म्हटलं, "मास्तर, मंग करंजी कायची? नुसती हवा भरू का आत?"

तो हसला नाही. "आमच्याकडं गाय पिळत नाईत. दूध वासराचं असते. म्हातारी माणसं तर चहातबी दूध घेत नाईत. गावाले मी शब्द देऊन बसलो, की शहराचं गोड खाऊ घालतो आणि त्यात थेंब दूध नसंन. गायता जेवाले बसन तं गाव बसन. गायता उठला तं सारं गाव उठन पंगतीतून."

गायता म्हणजे त्या गावचा पुजारी आणि वडील माणूस. त्याच्या शब्दावर पेरणी होते, त्याच्या शब्दावर लग्नं होतात. मास्तर नोकरीला लागल्यापासून शहरातला झाला, अशी गावात कुजबुज होती. आपण गावचेच आहोत हे त्याला त्या पंगतीत दाखवायचं होतं. मी हो म्हणालो. करंजी मला येते, ही घमेंड होती. आणखीही एक होतं. कोणाच्या हातचं खावं, काय खावं, काय नको यावरून पंगतीतून उठणारी माणसं मी जन्मभर पाहिली होती. इथं मात्र माणूस वासराच्या वाट्यासाठी उठत होता. मला ते आवडलं होतं.

आता सारण कशाचं? मला वाटलं, आंब्याचं. पाडाला लागलेल्या आंब्याचा गर आटवला, गूळ घातला, भरला, शेंगदाण्याच्या तेलात सोडला. पहिली करंजी फुटली. दुसरी फुटली. फळाचं पाणी तेलात उतरलं की तेल फेसाळतं, चुलीत उतू जातं. पारी तेलात भिजून चामड्यासारखी झाली आणि पदर सुटायचं नावच नाही. दोन दिवस मी अंगणात आग, फेस आणि शिव्या यांच्यात होतो.

चिन्नीबाई आमच्या गल्लीत टेंभरं आणि चारोळी विकायला यायची. टेंभरं म्हणजे तेंदूची फळं, ज्याच्या पानाची विडी होते त्याच झाडाची. पिवळी, आत चिकट गोड गर. चिन्नीबाई माडिया, पन्नाशीच्या पुढची. तिची धाकटी बहीण रैनू मास्तरच्याच गावात दिलेली. टोपली उतरवून ती कुंपणाशी उभी राहिली आणि माझी फजिती पाहत राहिली.

"काय करून राह्यले भाऊ? होळी?"

"करंजी करून राह्यलो."

"कोण खाईन हे?"

सुशीला आतून म्हणाली, "बाई, तुमच्याच मास्तराच्या लग्नाची आहे. हसू नका, शिकवा."

तिनं कढईतलं तेल बोटावर घेतलं, चाखलं, थुंकली. "हे तेल पातळ आहे. टोळीचं आणा."

टोळ म्हणजे मोहाची बी. तिचं तेल घाण्यावर काढतात, थंडीत तुपासारखं थिजतं. कडवट असतं, वासही उग्र. मी म्हटलं, कडू करंजी कोण खाईल? तिनं मला दोन दिवसांत जे शिकवलं ते मी सतरा वर्षांत शिकलो नव्हतो. तेल तापवून त्यात ओल्या तांदळाच्या पिठाचा गोळा सोडायचा आणि तो काळा होईस्तोवर तळायचा. कडवटपणा त्या गोळ्यात जातो. मग तेल मडक्यात ओतून मडकं रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरायचं. रात्रभरात ते थिजतं. पहाटे उठून त्याच थिजलेल्या तेलात पिठी फेसायची. साटा! तुपाचा असावा तसा पांढरा, मऊ साटा. मी तो बोटावर धरून पाहत राहिलो.

सारणासाठी तिनं टेंभरांचा गर पानांवर पातळ पसरून उन्हात वाळवला, आपण आंबापोळी करतो तसा. वाळलेली पोळी चुरून त्यात भाजलेल्या तांदळाची पूड, गूळ, चारोळी. पाण्याचा अंश नाही, मग फुटणार कशी? पहिली करंजी तेलात सोडली ती तळाशी गेली, फिरली आणि वर आली तेव्हा तिचे पदर एकेक मोजता येत होते. मी झारा टाकून ओरडलो. सुशीला कणकेच्या हातांनी बाहेर आली. चिन्नीबाईनं अर्धी मोडून खाल्ली, अर्धी माझ्या हातात दिली.

"आता मालकाले दाखवा तुमच्या," ती म्हणाली. मालकाची गोष्ट मी तिला कधी सांगितली हे मला आठवत नाही, पण सांगितली असणार.

त्याच वेळी कंपाउंडर आले. त्यांना गरम गरम चार वाढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा मी शिव्या ऐकायला तयार होऊन बसलो. ते म्हणाले, "यशवंतभाऊ, पोट एकदम ओके. आणखी आहे का?"

मग लग्नाच्या आधीचे चार दिवस. मे महिना, अंगणात चूल. चिन्नीबाई, सुशीला आणि मी. तीन दिवसांत आठ डबे भरले, तेलाचे रिकामे धुतलेले पत्र्याचे डबे. शेवटच्या पहाटे वाळू उकरून मडकं काढलं तर तेल पातळच. रात्री उकाडा इतका होता की वाळूच तापली होती. साटा फेसायला गेलो तर पिठी एकीकडं, तेल एकीकडं. चिन्नीबाई डब्यांत घालायला मोहाची पानं आणायला गेली होती. दुपारी एसटी होती. दोन डबे बाकी होते.

फळीवर साहेबीणबाईंच्या ऑर्डरचं तूप होतं. घट्ट, थिजवलेलं, विहिरीत सोडून ठेवलेलं नुकतंच वर काढलेलं. मी ते घेतलं आणि त्यात पिठी फेसली.

मी घाबरलो होतो असं आजवर स्वतःला सांगत होतो. घाबरलो नव्हतो. साटा बिघडलेली करंजी माझ्या नावावर जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. आठ डब्यांत पदर सुटलेले आणि दोन डब्यांत चामडं, हे मला सहन झालं नसतं. दहात दोन डबे, कोणाला कळणार, असं मी म्हटलं. मनात नाही, तोंडानं म्हटलं. सुशीलेनं ऐकलं. ती म्हणाली, "तुम्ही शब्द दिला आहे." मी म्हटलं, "गप बस."

चिन्नीबाई पानं घेऊन आली. आम्ही लाटलं, भरलं, मुरड घातली, तळलं. ती कढईपाशी बसली होती. मध्येच तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा कढईत पाहिलं. डबे तिनंच बांधले. आठ डब्यांना सुतळी होती. शेवटच्या दोन डब्यांना तिनं आपल्या जुन्या लुगड्याच्या निळ्या पट्ट्या बांधल्या. मला वाटलं, सुतळी संपली.

डबे एसटीच्या टपावर चढवले, चिन्नीबाई आणि मी गाडीत बसलो. आलापल्लीला गाडी थांबली, चहा झाला. पुढं मास्तरच्या गावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा कावडी घेऊन माणसं आली होती, ढोल होता, मास्तर स्वतः आला होता. चिन्नीबाई शिडीनं टपावर चढली आणि एकेक डबा खाली देत गेली. मी माणसांच्या घोळक्यात, ज्यानं ते नवल केलं तो मी, असा उभा होतो. ती उतरली. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी धूळ उडवत वळणावर गेली तेव्हा मास्तरनं मोजलं.

"भाऊ, आठच आहेत."

मी चिन्नीबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "राहून गेले जी. दोन राहून गेले टपावर."

मी भडकलो. साऱ्या गावासमोर, तिच्या बहिणीसमोर. "लक्ष कुठी होतं तुझं? चार दिवसांची मेहनत आहे! एवढं एक काम सांगितलं होतं!" इतके दिवस मी तिला बाई म्हणत होतो, तेव्हा तू म्हणालो. ती मान खाली घालून ऐकत राहिली. तिची बहीण माडियात तिला काहीतरी फाडफाड बोलली. लोक हसले.

डबे कावडीला लावून माणसं पुढं निघाली. मी वाटेतल्या नाल्यावर तोंड धुवायला थांबलो. ती मागून आली, माझ्या शेजारी बसली आणि पाण्यात हात घालत हळू म्हणाली, "ते दोन आपले नोहत, भाऊ. तूप होतं त्यात. कढईतूनच वास आला मले." हात झटकत म्हणाली, "ड्रायव्हर-कंडक्टर खातीन. त्यांले काई तुपाची मनाई नाई."

मी ओंजळीतलं पाणी तसंच धरून बसलो. ती उठून गेली.

पंगत बसली ती मांडवाबाहेर, मोहाच्या झाडाखाली. गायता म्हणजे एक वाळलेला, लख्ख डोळ्यांचा म्हातारा. त्याच्या पानावर करंजी वाढली. त्यानं ती उचलली, उलटसुलट पाहिली, मास्तरला काहीतरी विचारलं. मास्तर माझ्याकडं वळला. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. नवरदेव होता आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखा दिसत होता.

"भाऊ, विचारून राह्यला, दूध?"

मी म्हणालो, "थेंब नाही."

आणि ते खरं होतं! चिन्नीबाईनं ते खरं करून ठेवलं होतं. म्हाताऱ्यानं करंजी मोडली, टेंभराचं सारण जिभेवर घेतलं आणि त्याचे डोळे मिटले. मग तो हसला, दात नसलेलं हसू, आणि जोरात एकच शब्द बोलला. मास्तरनं सांगितलं, "म्हणते, हे तं आपलंच आहे." त्याबरोबर सगळी पंगत तुटून पडली. आपल्याच जंगलातलं टेंभर, आपलीच चारोळी, आपल्याच मोहाचं तेल, आणि आकार मात्र कधी न पाहिलेला. पोरं मुरडीचे तुकडे मोडून एकमेकांना दाखवत होती. म्हाताऱ्या बाया पदरांची कुरकुर ऐकायला करंजी कानाशी नेऊन मोडत होत्या. मी इतकी वर्षं मिठाया केल्या, पण माझा पदार्थ कोणी कानानं खाल्लेला तेवढाच. मास्तर माझ्या गळ्यात पडला. रात्री बायकांनी फेर धरला, ढोलावर गाणी झाली, आणि गायत्यानं मला हाताला धरून फेरात ओढलं. मी नाचलो. मला नाचता येत नाही, तरी नाचलो.

शेवटच्या पंगतीला करंज्या कमी पडल्या. अर्धी अर्धी वाढावी लागली, आणि ती पंगत बायांची होती. त्यांनी चिन्नीबाईला नाव ठेवलं, डबे विसरणारी. ती पानं उचलत होती. मी फेरातून तिला पाहत होतो. त्या वेळी चार शब्द बोललो असतो तर संपलं असतं. पण मग 'थेंब नाही' म्हणालो त्याचं काय झालं असतं? मास्तरचं काय झालं असतं? असं मी तेव्हा म्हटलं. आता म्हणतो, माझं काय झालं असतं, याचीच मला भीती होती.

त्यानंतर आमची चूल विझली नाही. बिनदुधाच्या करंजीसाठी आलापल्लीहून, चिमूरहून माणसं आली. जी घरं एरवी माझ्या हातचं पाणी पिताना विचार करायची त्यांनी बारशाला डबे नेले. चिन्नीबाई आमच्याकडं कामाला आली, सहा उन्हाळे राहिली. उन्हाळ्यात टेंभरं, थंडीत बोरं, सीताफळं. प्रत्येक फळाचं पाणी कसं मारायचं ते तिचं डोकं. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत आम्ही दुकान टाकलं, वर भली मोठी पाटी, माझ्या नावाची. तिथं एका दुपारी गर्दीतून चंद्रपूरचे माझे जुने मालक आले. उभ्यानं एक खाल्ली, दुसरी मागितली. चार लोकांत म्हणाले, "यशवंता, हे कुठून शिकला रे?"

त्या क्षणाची मी सतरा वर्षं वाट पाहिली होती. मी कपाळाला बोट लावून म्हणालो, "इथून."

चिन्नीबाई माझ्या मागं बसून सारण भरत होती. मागच्या भट्टीवर.

तेवढ्यात कोणीतरी गिऱ्हाईक, त्या गावाकडचंच, तिला ओळखून म्हणालं, "अरे, हे तं डबे विसरणारी!" सगळे हसले. मालक हसले. मीही हसलो. तीही हसली, आणि मला म्हणाली, "सारण संपून राह्यलं भाऊ, पूड द्या."

पुढं तिचे गुडघे गेले, ती बहिणीकडं राहायला गेली. तिच्या पद्धतीनं करंजी अजून होते. माझी सून करते, आता दवाखान्यातल्या आहारवाल्या बाई दूध न सोसणारी माणसं तिच्याकडं पाठवतात. पाटीवर माझंच नाव आहे. सुशीला जाईपर्यंत म्हणत होती, एकदा जाऊन सांगून या.

गेलो. सुशीलेच्या पहिल्या स्मृतिदिनानंतर, एक डबा घेऊन, त्याच वाटेच्या एसटीनं. वाटभर वाक्य घोकत होतो. चिन्नीबाई अंगणात बाजेवर बसली होती. बहीण, भाचे, शेजारपाजार जमले. मला हेच हवं होतं, सगळ्यांसमोर बोलायला. तिनं डबा उघडला, नाकाशी नेला आणि वास घेतला. किती वेळ घेतला! मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "तेलाचं कडू चांगलं मारलं, भाऊ." बहिणीनं डब्याकडं बोट करून काही म्हटलं, मंडळी हसली. मला माडिया कळत नाही, पण काय म्हणाली ते कळलं. डबा या वेळी पोचला, असंच असणार.

मी तोंड उघडलं. चिन्नीबाईनं करंजी मोडून अर्धी माझ्या हातात दिली. मी ती खाल्ली. मग पावसापाण्याचं बोललो, गुडघ्यांचं बोललो, परतीच्या गाडीची वेळ विचारली.

मागच्या उन्हाळ्यात रैनू मास्तरचा फोन आला, चिन्नीबाई गेली म्हणून. त्याला मी तेव्हाही काही सांगितलं नाही. हा अंक त्याला पाठवणार आहे. त्या अंगणात हे वाचून दाखव, असं त्याला सांगीन, माडियात करून सांग म्हणीन. एसटीत घोकलेलं वाक्य एवढंच होतं: "चिन्नीबाई, डबे तुम्ही नाई विसरले. तूप मी टाकलं होतं."